बारा महिन्यांची भिशी पहिल्याच महिन्यात का फुटत नाही?

वाफाळता_चहा, शनिवार रात्री ९:४०

आमच्या ऑफिसात सात वर्षं भिशी चालू आहे. बारा जण, महिन्याला २,००० रुपये. पगार झाला की ७ तारखेला जेवणाच्या सुट्टीत स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढायची. ज्याची निघेल तो २४,००० घेऊन जाणार आणि सगळ्यांना समोसे खिलवणार. सात वर्षांत कुणाचा हप्ता चार दिवस पुढे गेला असेल, तेवढंच.

ह्या वर्षी फुटली. तिसरी चिठ्ठी एका नव्या मुलाची निघाली. त्याने समोसे दिले, चौथा हप्ता भरला, पाचवा भरला आणि राजीनामा देऊन दुसऱ्या शहरात गेला. दोन फोन उचलले, "पाठवतो ना मॅडम" म्हणाला, मग नंबरच बंद. भरले १०,०००, उचलले २४,०००. आमच्या डब्यात १४,००० चं भोक.

हे रविवारी घरी सांगत होते, तर अर्थशास्त्र शिकणारा माझा भाचा काय म्हणाला असेल? "मावशी, ती आता फुटली ह्यात नवल काहीच नाही. सात वर्षं चालली कशी, ते सांग." त्याचा हिशोब असा: शेवटच्या महिन्यात अकरा जणांचे पैसे उचलून झालेले असतात. बाराव्या माणसासाठी हप्ता भरून त्यांना काय मिळणार? शून्य. मग ते भरणार नाहीत. हे त्या बाराव्या माणसाला आधीच कळतं, मग तो अकराव्या महिन्यात कशाला भरेल? असं करत करत तो मागे पहिल्या महिन्यापर्यंत आला आणि म्हणाला, हिशोबाने भिशी सुरूच होऊ शकत नाही.

मला ह्यात चूक सापडत नाही. पण डबा तर सात वर्षं भरत होता! चूक कुठे आहे ते सांगा. आणि पुढच्या वेळी काय काळजी घ्यायची, तेही.

शून्य_बेरीज, रात्री १०:१२

भाच्याला शाबासकी द्या. त्याने जे केलं त्याला बॅकवर्ड इंडक्शन म्हणतात, शेवटाकडून उलटं सोलत यायचं. गणित चोख आहे. माणसं मात्र तसं वागत नाहीत, आणि हे पहिल्याच प्रयोगात दिसलं होतं.

१९५० साली अमेरिकेत रँड कॉर्पोरेशन ह्या संशोधनसंस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर ह्या दोघांनी एक खेळ रचला. दोघांनी सहकार्य केलं तर दोघांचं बरं, एकाने दगा दिला तर त्याचं जास्त बरं, दोघांनी दिला तर दोघांचंही वाईट. दोन कैद्यांची प्रसिद्ध गोष्ट अल्बर्ट टकरने ह्या खेळाला नंतर जोडली. फ्लड-ड्रेशरने अर्मेन अल्चियन हा अर्थतज्ज्ञ आणि जॉन विल्यम्स हा गणितज्ञ अशा दोघांना समोरासमोर बसवून ओळीने शंभर डाव खेळायला लावले. भाच्याच्या हिशोबाने शंभरच्या शंभर डावांत दगा व्हायला हवा होता. प्रत्यक्षात साठ डावांत दोघांनीही सहकार्य केलं.

जॉन नॅश ह्या गणितज्ञाला हा प्रयोग पटला नाही. त्याचं म्हणणं, हे शंभर सुटे डाव नाहीतच, हा एकच लांबलचक डाव आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ह्या आक्षेपातच आहे.

खमंग_फोडणी, रात्री १०:१५

समोसे कुठल्या दुकानातले? बाकी चर्चा नंतर.

वाफाळता_चहा, रात्री १०:२१

@खमंग_फोडणी, ऑफिसच्या गल्लीतल्या गाडीवरचे. त्या मुलाने मात्र नेमके दुकानातून मागवले होते. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आठ_सतराची_लोकल, रात्री ११:०३

भिशीतलं मला कळत नाही, पण बदलापूरहून व्हीटीला बावीस वर्षं गेलो आहे. आमच्या डब्यात एक अलिखित करार होता. बदलापूर-अंबरनाथला चढून बसलेल्यांनी ठाणं आलं की उठायचं आणि डोंबिवलीपासून उभ्या असलेल्यांना बसवायचं. गाडी कळव्याच्या पुढे आली की काही न बोलता गुडघे हलायला लागायचे, पिशव्या मांडीवरून उचलल्या जायच्या. तिघांच्या बाकावर चौथ्याला अर्धं बूड टेकवू देणं हाही त्याच करारातला भाग.

एक जण यायचा, कानात इयरफोन, डोळे मिटलेले. ठाणं येवो, दादर येवो, डोळे उघडायचे नाहीत. त्याला कुणी काही बोललं नाही. फक्त एकदा त्याला उशीर झाला, डोंबिवलीला उडी मारून चढला आणि व्हीटीपर्यंत उभा राहिला. दुसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी इयरफोन खिशात.

हेच लोक दिवाळीच्या सुट्टीत सामान घेऊन परगावच्या गाडीत बसले की चौथ्या माणसाला "जगह नहीं है" सांगतात. माणसं तीच, पण समोरचा उद्या दिसणार नसतो.

तिरकस, रात्री ११:३०

थोडं दुसऱ्या बाजूने बोलतो, दगड मारू नका. त्या मुलाने काय चूक केली? शहर सोडलं, ऑफिस सोडलं, तुम्ही त्याला परत दिसणार नाही. १४,००० फुकट मिळत होते, घेतले. नीती बाजूला ठेवा, चाल म्हणून ती बरोबरच होती. चूक तुमची. नव्या माणसाची चिठ्ठी डब्यात टाकलीतच कशी?

खिडकीपाशी, रात्री ११:३४

@तिरकस, तुमच्याबरोबर टॅक्सी शेअर करायची नाही हे वहीत लिहून ठेवलंय.

शून्य_बेरीज, रविवार सकाळी ७:५०

आता मूळ गोष्ट सांगतो, चहा घेऊन बसा.

मिशिगन विद्यापीठातला राज्यशास्त्राचा प्राध्यापक रॉबर्ट ॲक्सेलरॉड ह्याने १९८० च्या सुमारास एक स्पर्धा घेतली. ह्याच खेळासाठी संगणकाचे प्रोग्रॅम मागवले. दोघांनी सहकार्य केलं तर प्रत्येकी ३ गुण, दोघांनी दगा दिला तर प्रत्येकी १, एकाने दिला तर देणाऱ्याला ५ आणि फसलेल्याला ०. चौदा प्रवेशिका आल्या, एक नाणेफेक केल्यासारखा खेळणारा प्रोग्रॅम त्याने स्वतः घातला. प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना, सामन्यात २०० डाव. काही प्रोग्रॅम भलतेच हुशार होते, मध्येच एखादा दगा टाकून समोरचा किती सहन करतो ते चाचपणारे.

जिंकला तो सगळ्यात छोटा प्रोग्रॅम. टोरोंटोच्या अनातोल रापोपोर्टने पाठवलेला, 'टिट फॉर टॅट', म्हणजे जशास तसे. पहिल्या डावात सहकार्य, पुढे समोरच्याने मागच्या डावात जे केलं तेच. त्याची सामन्यामागे सरासरी ५०४ गुण होती. संपूर्ण सहकार्याचे ६०० होतात.

निकाल सगळ्यांना कळवून ॲक्सेलरॉडने दुसरी स्पर्धा घेतली. सहा देशांतून ६२ प्रवेशिका, पाठवणाऱ्यांत प्राध्यापकांपासून दहा वर्षांच्या मुलापर्यंत सगळे. ह्या वेळी 'जशास तसे'ला हरवायचंच म्हणून लोकांनी लिहिलं होतं. परत तेच जिंकलं.

मला त्यातली सर्वात गमतीची वाटते ती ही गोष्ट: 'जशास तसे' एकाही सामन्यात समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवूच शकत नाही! फार तर बरोबरी, नाहीतर थोडं कमी. कुणालाही न हरवता ते स्पर्धा जिंकलं, कारण ज्याच्याशी खेळलं त्यालाही भरपूर कमवू दिलं. पहिल्या स्पर्धेतले वरचे आठही प्रोग्रॅम आपण होऊन पहिला दगा न देणारे होते. त्या भल्यांतही सर्वात कमी गुण कुणाला? एकदा दगा झाला की जन्मभर तोंड न पाहणाऱ्याला.

@तिरकस, तुमचा मुलगा ह्या स्पर्धेत एकच सामना खेळून पळाला. एका सामन्यात तो जिंकलाच.

मोदक_खा, सकाळी ८:२०

प्रतिसाद आवडला, अनुमोदन. जन्मभर तोंड न पाहणारा म्हणजे आमच्या थोरल्या आत्या. गुण किती पडले असते कोण जाणे.

पाटावरचा, सकाळी १०:४५

मी साक्री तालुक्यातला, धुळे जिल्हा. तुमच्या संगणकाच्या कितीतरी आधीपासून पांझरेच्या काठी हा खेळ चाललाय. आमच्याकडची फड पद्धत ऐकली असेल. नदीवर बंधारा, त्याचा पाट, आणि पाटाखालची जमीन फडांत, म्हणजे मोठ्या पट्ट्यांत, वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. आणि पाणी शेतकऱ्याने स्वतः सोडायचं नाही, पाटकरी सोडणार. रात्री गुपचूप दांड फोडायचा मोह सगळ्यांनाच होतो, म्हणून फावडं दुसऱ्याच्या हाती.

ज्याने ही घडी घातली तो डोक्याने मोठा असला पाहिजे. एकेका शेतकऱ्याचे तुकडे वेगवेगळ्या फडांत. पाणी कमी असलं की ह्या वर्षी अमुक फड भिजवायचे, अमुक कोरडे ठेवायचे, असं ठरतं. मग तुटवडा सगळ्यांच्याच वाट्याला येतो, वरच्याचं भिजलं आणि खालच्याचं जळलं असं होत नाही.

पण तुमच्या भिशीशी जुळणारी गोष्ट म्हणजे सावड. माझा एक बैल, शेजाऱ्याचा एक, दोघांची जोडी. आज त्याची पेरणी, उद्या माझी. आज त्याची झाल्यावर उद्या तो आला नाही तर? नाही आला तर जाणार कुठे? बांध काय उचलून पुण्याला न्यायचाय? तुमचा मुलगा राजीनामा देऊ शकला. शेताला राजीनामा देता येत नाही.

वाफाळता_चहा, सकाळी ११:०५

@पाटावरचा, शेवटचं वाक्य ऑफिसच्या भिंतीवर लावते.

सायली_वेल, दुपारी १२:३०

जशास तसे फार कौतुकाचं ठरवताय म्हणून आमच्या घरचा किस्सा. माझ्या लग्नात बाबांच्या मावसभावाने ५०१ रुपयांचा आहेर केला. वहीत लिहायला बसलेल्या चुलतभावाने घाईत शून्य खाल्लं, ५१ लिहिलं. दोन वर्षांनी त्यांच्या मुलीचं लग्न. आईने रिवाजाप्रमाणे वही काढली, ५१ पाहिले, नाक मुरडलं आणि ५१ चं पाकीट केलं. तिकडे भडका! त्यांनी माझ्या भावाच्या लग्नात २१ ठेवले. मग बारशाला गेलो नाही, मग वास्तुशांतीला ते आले नाहीत. बारा वर्षं! चूक कळली ती आजीच्या वर्षश्राद्धाला, काका सहज म्हणाले की पहिलं पाकीट मी स्वतः भरलं होतं, पाचशेची कोरी नोट होती.

दोन्ही घरं अगदी नियमाने वागत होती हो. आधी दगा कुणीच दिला नव्हता.

शून्य_बेरीज, दुपारी १:१०

@सायली_वेल, ह्याहून चांगलं उदाहरण मला पुस्तकात मिळालं नाही. 'जशास तसे'चं खरं दुखणं हेच. स्पर्धेत संगणकाला चाल चुकीची ऐकू येत नव्हती, खऱ्या आयुष्यात शून्य खाल्लं जातं. एक चूक झाली की दोन 'जशास तसे' एकमेकांना आळीपाळीने चापट मारत बसतात आणि थांबत नाहीत.

१९९२ मध्ये मार्टिन नोवाक आणि कार्ल झिगमुंड ह्यांनी चुका होणाऱ्या जगात पिढ्यानपिढ्या हा खेळ चालवून पाहिला. तिथे अखेरीस वरचढ ठरलं उदार 'जशास तसे': सहकार्याला नेहमी सहकार्य, पण दग्याला दर वेळी दगा नाही. वरच्या ५-३-१-० गुणांना साधारण तिनातला एक दगा सोडून द्यायचा. तोही ठरवून तिसराच नाही, मनात येईल तेव्हा. ठरवून सोडलात तर समोरचा तेवढाच नेमका मारणार. पुढच्याच वर्षी त्यांनीच 'पाव्हलॉव्ह' पुढे आणला, फळलं तर तेच कर, नाही फळलं तर बदल. भोळ्या माणसाला लुबाडायला तो कचरत नाही, हे मात्र खरं.

आईंनी ५१ ऐवजी १०१ ठेवले असते तर बारा वर्षं वाचली असती.

सायली_वेल, दुपारी १:१४

आईला हे तुम्ही येऊन सांगा.

राईनकाठी, दुपारी ३:००

जर्मनीतून नमस्कार. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीच्या खंदकांत हेच घडलं होतं. समोरासमोर तीच तुकडी महिनोन्महिने, मग आपोआप समझोता. तोफगोळे ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी टाकायचे, म्हणजे वरिष्ठांना आवाज ऐकू जातो आणि समोरचा बाजूला होतो. जेवणाच्या वेळेला गोळी नाही. टोनी ॲशवर्थ ह्या समाजशास्त्रज्ञाने ह्याचा सविस्तर अभ्यास केला, ॲक्सेलरॉडने त्यावर एक प्रकरण लिहिलं. शेवटी हा समझोता मोडला तो छाप्यांनी. वरून हुकूम, खंदकात घुसून माणसं मारा किंवा पकडून आणा. छाप्याचं नाटक करता येत नाही, प्रेतं किंवा कैदी दाखवावे लागतात.

म्हणजे सहकार्य नेहमी चांगलंच असंही नाही, कुणाच्या बाजूने बघता त्यावर आहे. दोन कंत्राटदार दर वर्षी टेंडर वाटून घेतात, तेही ह्याच तत्त्वावर.

तिरकस, दुपारी ४:२०

वा, आता माझ्या बाजूचा दारूगोळा. २००४ मध्ये ॲक्सेलरॉडच्या स्पर्धेची नवी आवृत्ती झाली. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या चमूने एक नाही, ६० प्रोग्रॅम पाठवले. सुरुवातीच्या काही चालींतून ते एकमेकांना ओळखायचे, खुणेने डोळा मारल्यासारखे. ओळख पटली की एक जण मुद्दाम मार खायचा आणि दुसऱ्याला ५-५ गुण वाढायचा. पहिले तीन नंबर त्यांचेच. मार खाणारे तळाला.

आणि २०१२ मध्ये विल्यम प्रेस आणि फ्रीमन डायसन (हो, तोच भौतिकशास्त्रवाला) ह्यांनी दाखवलं की काही चाली समोरच्याकडून अक्षरशः खंडणी वसूल करतात. त्याने सहकार्य वाढवलं की त्याचाही फायदा वाढतो, पण तुमचा त्याहून जास्त वाढतो. झाला की नाही तुमचा सज्जन विजेता म्हातारा?

शून्य_बेरीज, दुपारी ४:४१

खंडणीवाले एकमेकांसमोर आले की दोघंही उपाशी राहतात. सगळं गावच गुंड झालं तर हप्ता कोण देणार? आणि साउदॅम्प्टनने तुमचा मुद्दा कुठे सिद्ध केला? ते आपसांत सहकार्यच करत होते. घराणं म्हणा, पक्ष म्हणा.

कायदेपंडित, सायंकाळी ५:१५

रच्याकने, चिट फंडासाठी १९८२ चा कायदा आहे. नोंदणी, जामीन, सगळं त्यात येतं. फोरमनचं, म्हणजे चिट चालवणाऱ्याचं, कमिशन ५ टक्क्यांपर्यंत होतं, २०१९ च्या दुरुस्तीने ७ झालं. ऑफिसातली भिशी घेऊन कोर्टात जायचा विचार असेल तर आधी वकिलाला विचारा. विचारायचेच १४,००० होतील.

माई_पिंपळगाव, सायंकाळी ६:३०

सुनेने हा धागा वाचायला दिला. मी एकतीस वर्षं बायकांची भिशी चालवते. वीस जणी, एकदाही फुटली नाही. संगणकाचं मला कळत नाही, आमचं कसं चालतं ते सांगते.

पहिली गोष्ट, आम्ही सरसकट चिठ्ठी टाकत नाही. नवी बाई आली की पहिल्या वर्षी तिचा नंबर शेवटच्या चारांत. तिने आधी भरायचं, मग उचलायचं. पहिले नंबर जुन्या बायकांना, ज्यांचं माहेर-सासर, दुकान, सगळं इथेच आहे. एका घरातल्या दोघी नाहीत. सासू-सुना तर नाहीतच, घरात भांडण झालं की दोन हप्ते एकदम जातात. कुणाकडे लग्न, ऑपरेशन असलं तर तिला मधूनच नंबर देतो, पण ते सगळ्यांसमोर विचारून.

आणि तुमच्या भाच्याला सांगा, शेवटच्या महिन्याला आमच्याकडे पैसे आधी घेतच नाही. आधी पुढच्या भिशीची नावं लिहायची, नंबर लावायचे, मग वाटी फिरवायची. ज्या बाईला पुढचा नंबर मिळालाय ती आजचा हप्ता बुडवेल का?

शून्य_बेरीज, सायंकाळी ६:४५

माई, नमस्कार करतो. पहिल्या स्पर्धेत २०० डाव आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे शेवटच्या डावांचा हिशोब करून लिहिलेले प्रोग्रॅमही होते. दुसऱ्या स्पर्धेत ॲक्सेलरॉडने प्रत्येक डावानंतर सामना संपायची ०.००३४६ इतकी शक्यता ठेवली. संपणार हे नक्की, कधी ते कुणालाच माहीत नाही. शेवटचा डाव दिसत नसेल तर भाचा सोलायला सुरुवात कुठून करणार? तुम्ही तेच वाटीने केलंत.

वाफाळता_चहा, रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार. एक सांगायचं राहिलं होतं. भोक पडल्यावर आम्ही अकरा जण बसलो. ज्या चौघांनी आधीच २४,००० उचलले होते त्यांचं नुकसान काहीच नव्हतं. हप्ते भरत राहिले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं, तूट उरलेल्या सात जणांनी सोसायची. पण आमचे शिपाई मामा, ज्यांची पहिलीच चिठ्ठी निघाली होती, तेच म्हणाले की अकरांत भागा. डोकी १,२७३. ३ रुपये जास्त जमले, ते डब्यात तसेच आहेत. मामा चार वर्षांनी निवृत्त होणार, त्यांना आमच्याकडून काय मिळणार होतं ते भाच्याने अजून सांगितलेलं नाही. तो म्हणतो विचार करतोय.

जानेवारीपासून माईंच्या पद्धतीने. चिठ्ठी फक्त जुन्यांच्यात.

आठ_सतराची_लोकल, रात्री ९:२५

मीही निवृत्तीच्या शेवटच्या दिवशी ठाण्याला उठलो होतो. का ते मलाही सांगता यायचं नाही. पाय सवयीने उठले.

तिरकस, रात्री ९:५०

हलके घ्या, पण मी नाशिकलाच असतो. तुमचं ऑफिसही नाशिकला ना? बारातली एक जागा रिकामी झालीय, बाहेरचा माणूस चालेल का?

वाफाळता_चहा, रात्री ९:५८

चालेल की. नंबर बारावा. समोसे पहिल्या महिन्याला, गाडीवरचे.